टेप कमरेला नीट लागेपर्यंत: आशाताईंसाठी मधुमेह प्रतिबंधाचा वेबिनार कसा घ्यावा

पहिल्या वेबिनारनंतर महिनाभराने सीबॅक फॉर्मांचा, म्हणजे मधुमेहासारख्या आजारांचा धोका गुणांनी मोजायला आशाताई घरोघरी भरतात त्या फॉर्मांचा, गठ्ठा माझ्या हातात आला. एका फॉर्मावर बाईंचं वय ४२ आणि कंबर ३७ सेंटीमीटर लिहिलेली होती. ३७ सेंटीमीटर घेर तान्ह्या बाळाचा असतो. ताईंनी शिंप्याची टेप वापरली होती आणि इंचांची बाजू वर धरली होती. ३७ इंच म्हणजे ९४ सेंटीमीटर. वयाचे २, कमरेचे २ आणि हालचाल कमी म्हणून १, असे त्या बाईंचे ५ गुण व्हायला हवे होते. ४ च्या वर गुण गेले की तपासणीला प्राधान्य. फॉर्मावर कमरेपुढे शून्य पडलं, बेरीज ३ झाली आणि त्या मागे राहिल्या.

ही चूक ताईंची नव्हती. दीड तासात मी चाळीस स्लाइड दाखवल्या, स्वादुपिंडाचं रंगीत चित्र दाखवलं, पण टेप एकदाही हातात घेऊन दाखवली नाही. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच कसोटी आहे: वेबिनार संपल्यावर ताईंचा हात काय वेगळं करेल आणि दारात उभं राहून त्या काय वेगळं बोलतील? याचं उत्तर तुमच्याकडे नसेल तर तारीख पुढे ढकला.

आशा, त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक, बचत गटाच्या प्रेरिका, अंगणवाडी सेविका अशा गावपातळीवर काम करणाऱ्यांना ऑनलाइन शिकवायची जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर आलेल्यांसाठी हे लिहितो आहे. तुम्ही सीएचओ, म्हणजे उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी, असाल, संस्थेचे कार्यकर्ते असाल किंवा परदेशात राहून गावाकडच्यांसाठी काही करू पाहणारे डॉक्टर असाल, पायऱ्या त्याच आहेत.

आधी तीन कामं ठरवा

मधुमेह प्रतिबंध हा विषय अफाट आहे. एका वेबिनारमध्ये तो मावत नाही आणि मावायची गरजही नाही. वही घ्या आणि ताईंनी पुढच्या महिन्यात करायची तीनच कामं लिहा. माझी यादी अशी असते: कंबर बरोबर मोजणं, फॉर्ममधले प्रश्न माणसाला कळतील असे विचारणं आणि ज्याचे गुण जास्त आले त्याला उपकेंद्रापर्यंत पोचवणं. आहाराचं बोलणं दुसऱ्या वेबिनारला. गरोदरपणातल्या मधुमेहाला तिसरा वेबिनार स्वतंत्र द्या, कारण तिथे ताईंच्या हातात फार मोठं काम आहे. ज्या बाईला गरोदरपणी साखर होती, तिला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो आणि बाळंतपणानंतर तिची आठवण ठेवणारं माणूस बहुधा आशाताईच असते.

जे शिकवायचं नाही, तेही लिहून ठेवा. निदान करणं ताईंचं काम नाही, गोळ्यांचा डोस सांगणं नाही, गोळी बंद करायला सांगणं तर अजिबात नाही. वेबिनारच्या सुरुवातीला हे स्पष्ट बोला. त्यामुळे ताईंवरचं दडपणही उतरतं. 'मला सगळं आलं पाहिजे' या भीतीपोटी कितीतरी जणी गप्प बसून राहतात.

आकडे तुमचे स्वतःचे पाठ हवेत

स्लाइडवर बघून आकडे वाचणाऱ्यावर ताईंचा विश्वास बसत नाही. थोडेच आकडे लागतात, पण ते तोंडावर हवेत.

आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतातल्या प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह आहे, म्हणजे सुमारे १० कोटी माणसं. त्याच्या उंबरठ्यावर, पूर्वमधुमेहात, १५.३ टक्के. उंबरठ्यावरची गर्दी आतल्या गर्दीपेक्षा मोठी आहे आणि आपलं काम त्यांच्यासाठी आहे. ताईंना टक्केवारीपेक्षा स्वतःचं गाव कळतं. म्हणून असं सांगा: तुमच्याकडे हजार लोकवस्ती आहे, त्यात सहाशे प्रौढ धरले तर देशाच्या सरासरीने नव्वदएक जण उंबरठ्यावर असतील. खेड्यात हा आकडा थोडा वर-खाली होईल, पण 'नव्वद' म्हटल्यावर ताई मनातल्या मनात घरं मोजू लागतात.

दुसरा आकडा आशेचा आहे आणि तो सांगितल्याशिवाय वेबिनार संपवू नका. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर अभ्यास केला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीचाच सल्ला मिळाला, त्यांच्यातल्या ५५ टक्क्यांना सुमारे तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्या खाण्याचा आणि हालचालीचा सातत्याने पाठपुरावा झाला, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आलं. शंभरातले सोळा जण वाचले, तेही गोळीशिवाय. 'साखर व्हायचीच असेल तर होणार' असं घराघरात ऐकून आलेल्या ताईंना हा आकडा उभं राहायला बळ देतो.

तपासणीचे आकडे असे: उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, १२६ आणि पुढे म्हणजे मधुमेहाची शक्यता आणि पुन्हा तपासून खात्री. तीन महिन्यांच्या सरासरीच्या चाचणीत, म्हणजे एचबीए१सी मध्ये, ५.७ ते ६.४ उंबरठा आणि ६.५ पासून पुढे मधुमेह. ग्लुकोमीटरवर कधीही घेतलेली साखर १४० च्या वर आली तर पुढे पाठवायचं. ताईंना यातला शेवटचा आकडा पुरे. बाकीचे तुमच्यासाठी, प्रश्न आला तर.

आणि 'वजन सोडून कंबर कशाला?' हे कुणीतरी विचारणारच. त्यासाठी पुण्याचीच गोष्ट सांगा. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्याला आपलं सडपातळपण दिसतं, पोटाभोवतीची चरबी दिसत नाही. 'माझ्याकडे बघा, मी कुठे जाडी आहे?' म्हणणाऱ्या काकूंना द्यायचं उत्तर ताईंना इथे सापडतं.

कोणतं ॲप, किती जणी

झूमवर 'मीटिंग' वेगळी आणि 'वेबिनार' वेगळा. वेबिनार प्रकारात ऐकणाऱ्यांचे चेहरे दिसत नाहीत, त्यांना लहान गटांत पाठवता येत नाही, हवं तेव्हा बोलताही येत नाही. पाचशे लोकांना मंत्र्यांचं भाषण ऐकवायला तो ठीक. आपल्याला ताईंचे हात दिसायला हवेत. म्हणून नाव वेबिनार राहू द्या, घ्या मात्र मीटिंग. फुकटच्या झूमवर गटाची बैठक ४० मिनिटांनी तुटते, फुकटच्या गुगल मीटवर एका तासाने. दोन्हीकडे शंभर जणांची मर्यादा. एका महिन्याचं सशुल्क खातं घेणं परवडतं. पंचवीस जणींना ऐन बोलण्यात बाहेर फेकणं परवडत नाही.

पंचवीस ते तीस ही माझी मर्यादा. त्यापेक्षा जास्त असतील तर दोन वेळा घ्या. 'एकाच दिवशी तीनशे आशांचं प्रशिक्षण' ही बातमी छान दिसते, पण त्या तीनशेंपैकी कुणाची टेप कुठे लागली ते कुणालाच माहीत नसतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ताईंना एकएकट्या जोडायला सांगू नका. पाच-सहा जणींनी उपकेंद्रात किंवा जिच्या घरी रेंज चांगली येते तिथे जमावं, एका मोठ्या पडद्याच्या फोनवर किंवा टीव्हीवर बघावं आणि गटप्रवर्तक ताईंनी मध्ये बसावं. टेप दुसरीच्या कमरेला लावायची तर दुसरी शेजारी हवी ना! डेटाही एकीचाच जातो. चित्र चालू ठेवून केलेली बैठक तासाला साधारण एक जीबी खाते. त्या रिचार्जचे पैसे आणि जमण्याचा प्रवासखर्च आधीच ठरवून द्या. आशाताईंचं उत्पन्न बरंचसं कामागणिक मोबदल्यावर चालतं, तुमच्या बैठकीची दुपार म्हणजे त्यांच्या एखाद्या कामाची दुपार असते. 'सेवाभाव' म्हणून ते गृहीत धरू नका.

वेळ

दुपारी अडीच ते पावणेचार. सकाळी गृहभेटी आणि घरचं आवरणं, संध्याकाळी पाणी, चूल आणि पोरांचा अभ्यास. लसीकरणाचा दिवस, पीएचसीतली मासिक बैठक आणि तुमच्या भागातला आठवडी बाजार टाळा. पेरणीच्या आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत ताई स्वतःच रानात असतात. परदेशातून शिकवणार असाल तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा पहाट असते. झोप तुम्हाला मोडायची आहे, ताईंना नाही. आणि त्या वाराला तिथे वीज कधी जाते, ते गटप्रवर्तक ताईंना विचारल्याशिवाय तारीख पक्की करू नका.

रंगीत तालीम

दोन दिवस आधी प्रत्येक जमण्याच्या जागेहून एकीला दहा मिनिटं जोडून बघा. आवाज येतो का, म्यूट उघडता येतं का, कॅमेरा फिरवता येतो का. दोन फोन एकाच खोलीत चालू असले की घुमतं, त्यामुळे एकच फोन बोलता ठेवायचा, हे तेव्हाच सांगा. तुमच्या बाजूला एक मदतनीस हवाच. कोण आलं, कोण तुटलं, चॅटमध्ये कुणी काय लिहिलं, हे बघत तुम्हाला शिकवता येणार नाही.

साहित्याची यादी व्हॉट्सॲपवर बोलून पाठवा, लिहून नको: शिंप्याची टेप, तुमच्या तालुक्यात सध्या चालू असलेल्या सीबॅक फॉर्माच्या दोन कोऱ्या प्रती, पेन, आणि आहाराच्या वेबिनारला चहाचा चमचा, वाटी आणि साखर. फॉर्म मधल्या काळात बदलले आहेत, जुनी प्रत घेऊन शिकवलंत तर गुणांची बेरीज चुकते.

पाऊण तास हाताचा, अर्धा तास तोंडाचा

सव्वा तास पुरतो. पहिली पाच मिनिटं गावांची नावं घेऊन हजेरी. मग थेट प्रश्न: 'तुमच्या ओळखीच्या कुणाला साखर आहे?' सगळे हात वर येतात. कुणी सांगतं, माझ्या सासऱ्यांचा पाय काढावा लागला. तिथे थांबा, ऐका. ताई या विषयात कोऱ्या पाटीने येत नाहीत, स्वतःच्या घरातलं दुखणं घेऊन येतात.

त्यानंतर आकड्यांची दहा मिनिटं, वर सांगितलेले तीन-चार आकडे, बस. आणि मग टेप.

टेपवर मी पंचवीस मिनिटं देतो आणि एकही मिनिट वाया गेल्यासारखं वाटत नाही. आधी टेप कॅमेऱ्यासमोर धरा. एका बाजूला ६० पर्यंत आकडे, ती इंचांची. दुसऱ्या बाजूला १५० पर्यंत, ती आपली. सगळ्यांना सेंटीमीटरची बाजू कॅमेऱ्याला दाखवायला सांगा आणि प्रत्येक खोली डोळ्यांनी तपासा. जुनी टेप ताणून लांब झालेली असते, शाळेच्या पट्टीला लावून बघायला सांगा. इंचांच्या बाजूवर स्केच पेनने फुली मारायची युक्ती एका ताईंनीच सुचवली होती, आता ती मी सगळीकडे सांगतो.

मग जागा. सगळ्यात खालची बरगडी बोटाने शोधायची, मग कमरेच्या हाडाचं वरचं टोक शोधायचं आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप. बेंबीवर किंवा परकराच्या नाडीवर नाही. नाडीची जागा प्रत्येकीची वेगळी असते, कुणी पोटाच्या वर बांधतं, कुणी खाली. नाडीवर मोजलं तर दोन-तीन सेंटीमीटर सहज इकडचे तिकडे होतात, आणि ८० व ८१ मध्ये एका गुणाचा फरक आहे. साडीच्या निऱ्या आणि पदराचे वेढे बाजूला करून पातळ कपड्यावरून मोजायचं. नऊवारी असेल तर आतल्या खोलीत, दार लावून, सावकाश. टेप जमिनीला समांतर आहे का ते मागे जाऊन बघायचं. माणसाने श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता, टेप अंगाला लागेल पण रुतणार नाही अशी धरून आकडा वाचायचा.

हे एकदा दाखवा. मग ताईंनी शेजारणीची कंबर मोजायची, टेप बदलून दुसरीने तिचीच पुन्हा मोजायची आणि दोघींचे आकडे बोलायचे. पहिल्या फेरीत ८४ आणि ८९ असे फरक येतात. हसू फुटतं, मग भांडण होतं, मग पुन्हा बरगडी शोधली जाते. दुसऱ्या फेरीत फरक एक-दोनवर येतो. त्या वेळी मी काही बोलत नाही. शिकणं तिथेच चाललेलं असतं.

पुरुषांची कंबर मोजायची वेळ येते तेव्हा ताई अवघडतात, आणि ते स्वाभाविक आहे. त्याच्या घरातल्या बाईला टेप धरायला लावायची आणि आपण आकडा वाचायचा, ही वाट बोलून दाखवा. बायकांना ८० पर्यंत आणि पुरुषांना ९० पर्यंत शून्य गुण, पुढच्या दहा सेंटीमीटरला एक, त्यावर दोन. हे तक्त्यावर आहेच, पाठ करून घेऊ नका.

फॉर्मातला प्रश्न आणि दारातला प्रश्न

फॉर्मात लिहिलं आहे तंबाखूसेवन. ताई विचारतात, 'काकू, तंबाखू खाता का?' काकू म्हणतात, 'छे गं बाई!' आणि फॉर्मावर शून्य पडतं. काकू रोज सकाळी मिश्री लावतात, पण त्यांच्या लेखी मिश्री म्हणजे दात घासणं. म्हणून प्रश्न असा हवा: 'काकू, सकाळी दाताला काय लावता?' उत्तर आपोआप येतं.

हालचालीचंही तसंच. 'आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करता का?' या प्रश्नाला गावात उत्तर नाही. दिवसभर खुरपणाऱ्या बाईला 'रोज चालायला जा' सांगणं म्हणजे तिच्या कष्टाचा अपमान आहे, हे मी मनापासून सांगतो आणि ताईंना ते लगेच पटतं. पण तीच बाई गुडघे दुखायला लागल्यावर सुनेच्या हाती रान देऊन उंबऱ्यात बसते, खाणं मात्र पूर्वीइतकंच राहतं. म्हणून 'हल्ली रानात जाता का? किती वेळ?' असा आजचा प्रश्न विचारायचा. घरच्यांबद्दल विचारतानाही 'आनुवंशिक इतिहास' नको. 'आई-वडिलांना, भावा-बहिणींना कुणाला साखरेची, बीपीची गोळी आहे का? कुणाला झटका आला होता का?' एवढं पुरे. तिथे 'हो' आलं की दोन गुण.

हे शिकवायला मी नाटुकलं करायला लावतो. एक ताई काकू होते, एक ताई होते, बाकीच्या बघतात. एकदा झालेला संवाद मी उतरून ठेवला आहे:

'काकू, तुमचे सहा गुण आलेत, उपकेंद्रात येऊन साखर तपासून घ्या.'

'मला काही होत नाही गं. उगीच मागे लावून घेऊ का?'

'होत नाही तेव्हाच तपासायचं असतं, काकू. साखर आधी काही दुखवत नाही. बुधवारी मीही उपकेंद्रात आहे, येताना तुमच्या दारावरून येते. सकाळी काही न खाता या, मी डब्यात पोहे घेते दोघींना.'

शेवटच्या वाक्यात सगळं आहे: वार, सोबत आणि पोटाची सोय. 'तपासून घ्या' एवढ्यावर कुणी येत नाही. त्या दिवशीपासून मी प्रत्येक ताईला आपापल्या गावाचं असं एक वाक्य तयार करून मोठ्याने म्हणायला सांगतो. मांडणी माझी नको, भाषा त्यांची हवी. वऱ्हाडात ते वेगळं होईल, मालवणात वेगळं.

साखरेची वाटी आणि हमखास येणारे प्रश्न

आहाराच्या वेबिनारची सुरुवात वाटीने करा. एका कपाला दोन चमचे, दिवसाचे चार कप. ताईंना आठ चमचे साखर वाटीत काढायला सांगा. चमचा ५ ग्रॅमचा धरला तर ४० ग्रॅम झाली, महिन्याला एका माणसाची सव्वा किलोच्या आसपास, तीही फक्त चहातून. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिलं तर अधिक चांगलं. वाटी समोर आली की स्लाइडची गरज उरत नाही. यातून एकच काम निघतं: दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी. एकदम बंद सांगितलं तर चौथ्या दिवशी चहा पूर्ववत होतो.

मग प्रश्न सुटतात. गुळाचा चहा चालतो का? गूळही बहुतांशी साखरच, रक्तात तशीच चढते. भाकरी खाल्ली तर साखर होत नाही ना? ज्वारी-नाचणी मैद्यापेक्षा कितीतरी बरी, पण तीन भाकऱ्या आणि चमचाभर पिठलं हे ताट बदलायलाच हवं. दोन भाकऱ्या, वाटीभर मटकीची उसळ, पालेभाजी, काकडी-कांदा, असं. उपासाचं काय? साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. आषाढी-श्रावणात 'उपास सोडा' म्हणणारी ताई दुसऱ्या घरी आत घेतली जाणार नाही. खिचडीची वाटी लहान करा, सोबत दही, काकडी, मूठभर शेंगदाणे घ्या, एवढं सांगा. आणि ज्यांना आधीच गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी कडक उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, हे ठासून सांगा, साखर एकदम उतरून चक्कर येते.

कारल्याचा रस, मेथीचे दाणे यांवर वाद घालत बसू नका. खाऊ द्या, भाजीच आहे. फक्त 'त्यासाठी गोळी बंद केली' असं कुठे ऐकू आलं तर त्याच दिवशी सीएचओंना कळवायचं.

'माझी बॉर्डरवर आहे, म्हणजे काही नाही', हे वाक्य ताईंना दर आठवड्याला ऐकू येणार. त्याला उत्तर म्हणून चेन्नईचे ते सोळा जण परत सांगा.

जे येत नाही त्याला 'विचारून सांगते' म्हणायचं, हे तुम्ही स्वतः वेबिनारमध्ये एकदा तरी करून दाखवा, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आठवणीने पाठवा.

बैठक संपल्यावरचे पंधरा दिवस

खरी मेहनत इथे आहे आणि नवखे लोक नेमके इथेच थकतात. दर दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर एक छोटा आवाजी निरोप पाठवा, मिनिटभराचा, एकाच गोष्टीवर. याला आधार आहे. रामचंद्रन यांच्याच गटाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उंबरठ्यावरच्या ५३७ पुरुषांपैकी निम्म्यांना दोन वर्षं नियमित एसएमएस पाठवले. त्यांच्यातल्या १८ टक्क्यांना मधुमेह झाला, एसएमएस न मिळालेल्यांत २७ टक्क्यांना. ते निरोप थेट त्या माणसांना होते, पण थोडं थोडं आणि पुन्हा पुन्हा आठवण देण्याचं काम ताईंच्या बाबतीतही तसंच चालतं, हा माझा अनुभव आहे. रेकॉर्डिंग पाठवायचंच असेल तर सव्वा तासाचं अख्खं पाठवू नका, ते कुणी उघडत नाही. टेपची तीन मिनिटं कापून पाठवा.

दुसऱ्या वेबिनारला साखरेच्या वाटीनंतर भाषण नको, प्रसंग हवेत. प्रत्येक गटाने एक अडलेलं घर घेऊन यायचं. डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये न्यू मेक्सिकोत यकृताच्या आजारासाठी 'इको' नावाची पद्धत सुरू केली, ती याच पायावर उभी आहे. लांबच्या दवाखान्यातले डॉक्टर आपला रोगी पडद्यावर मांडतात, तज्ज्ञ आणि बाकीचे मिळून विचार करतात, सगळेच शिकतात. आपल्याकडे रोग्याऐवजी घर मांडायचं. 'सासू बरोबर येऊ देत नाही', 'मजुरी बुडते म्हणून बुधवारी येत नाही', 'नवरा म्हणतो, फुकटची तपासणी म्हणजे खोटी'. पहिलं उत्तर दुसऱ्या ताईकडून येऊ द्या. ते बहुतेक वेळा तुमच्यापेक्षा चांगलं असतं.

घर मांडताना नाव, आडनाव, वस्ती काहीही नाही. 'पन्नाशीच्या एक काकू' एवढंच. भरलेल्या फॉर्मांचे फोटो गटावर टाकायला पहिल्या दिवसापासून मनाई करा. एकदा एका गटावर असा फोटो आला, त्यावर लग्नाच्या मुलीच्या आईची साखर लिहिली होती, आणि संध्याकाळपर्यंत ती बातमी दुसऱ्या गावात पोचली. ती बाई पुन्हा तपासणीला आलीच नाही.

शिकवलेलं पोचलं का, ते कसं कळतं

वेबिनारच्या आधी आणि नंतर दहा प्रश्नांची चाचणी घ्या, हरकत नाही, अहवालाला लागते. पण चाचणीत दहापैकी नऊ मिळवणाऱ्या ताईंची टेपही नाडीवरच लागलेली मी पाहिली आहे. म्हणून महिन्याभरात प्रत्येक गटातल्या निदान एका ताईबरोबर एका घरी जा. स्वतः जाणं शक्य नसेल तर गटप्रवर्तक ताईंना पाठवा. बोलायचं नाही, बाजूला बसून चार गोष्टी बघायच्या: बरगडी शोधली का, सेंटीमीटरची बाजू होती का, मिश्रीचं विचारलं का, निघताना वार सांगितला का.

फॉर्म भरले किती, यापेक्षा ज्यांचे गुण ४ च्या वर गेले त्यातले किती जण उपकेंद्रात पोचले, हा आकडा दर महिन्याला विचारा आणि तो गटावर सगळ्यांना सांगा. कमी असेल तर कारण विचारताना आवाज चढवू नका. बरेचदा ग्लुकोमीटरच्या पट्ट्या संपलेल्या असतात आणि ताईंनी आणलेली माणसं तशीच परत गेलेली असतात. पट्ट्या आहेत का, हे पुढच्या वेबिनारच्या आधी सीएचओंना फोन करून विचारा.

त्या घरी बसलेले असताना वहीत आणखी एक लिहून घ्या: तुम्ही न शिकवलेलं, ताईंनी स्वतः जोडलेलं एखादं वाक्य. मागच्या वेळी एक ताई म्हणाल्या होत्या, 'वहिनी, ही टेप ब्लाउज शिवायला नाही, तुमच्या नातवाचं लग्न तुम्ही बघावं म्हणून लावतेय.' पुढच्या वेबिनारची पहिली दहा मिनिटं मी त्या ताईंना दिली.